गणपतीपर्यंत सांधे, दसऱ्यानंतर रंग

नाशिकरोडला माझं ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत, शिलाई मशीनशेजारच्या टेबलावर मी प्लास्टिकची विमानं जोडते. अकरा वर्षांत एकवीस झाली. माप द्यायला आलेल्या बायका काचेच्या कपाटाकडे बघून विचारतात, "मुलाचं का हे?" माझंच, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "आम्हाला जमेल का?" जमेल. कसं, ते एकाच विमानाच्या निमित्ताने नीट सांगते. विमान मिग-२१ बिस, प्रमाण १/७२.

हेच विमान घेतलं, कारण माझे बाबा ओझरच्या कारखान्यात होते. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा नाशिक विभाग १९६४ साली मिगसाठीच उभा राहिला. तिथे आधी मिग-२१ चा एफएल हा प्रकार, मग एम आणि मग बिस तयार झाला. बाबा रिव्हेट मारायचे. पंखाच्या पत्र्यावरचे रिव्हेट पत्र्याशी सपाट बसावे लागतात, डोकं वर राहिलं की हवा अडते. ते म्हणायचे, "बोट फिरवलं तर बोटाला कळता कामा नये." २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा त्यांनी मला टीव्हीचा आवाज मोठा करायला लावला आणि शेवटचं विमान उतरेपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

प्रमाणाचा हिशोब आधी समजून घ्या. १/७२ म्हणजे किटवरचा एक इंच खऱ्या विमानावर सहा फूट. मिग-२१ चे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर, किटमध्ये ते जेमतेम १० सेंटीमीटर होतात. नाकावरच्या नळीसकट लांबी साधारण वीतभर. आता समजा, धडाचे दोन अर्धे जोडताना ०.२ मिलिमीटरची फट राहिली. हातात धरलं तर केसाएवढी दिसते. तिला ७२ ने गुणा. १४.४ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या विमानाच्या पाठीवर बोट शिरेल एवढी चीर. असं विमान ओझरच्या हँगरबाहेर पडलं नसतं. वरून रंग कितीही देखणा दिला तरी बघणाऱ्याचा डोळा त्या चिरेवर अडकतो. म्हणून माझा निम्म्याहून जास्त वेळ सांध्यांवर जातो आणि इथेही मी त्यावरच जास्त बोलणार आहे.

किट निवडताना एका इंजिनाचं, एका जागेचं जेट घ्या. दोन मजली पंखांची जुनी विमानं दिसायला गोड असतात, पण त्यांच्या तारा-खांब पहिल्या वेळी रडवतात. मिग-२१ बिस झ्वेझ्दा आणि फुजिमी या दोन कंपन्यांनी १/७२ मध्ये काढलंय, एमएफ हा प्रकार एडुआर्डने. डब्यावरच्या चित्राला भुलू नका. चाळीस वर्षांपूर्वीच्या साच्यातलं प्लास्टिक नव्या डब्यात घालून विकायची या धंद्यात रीत आहे, त्यामुळे साचा कोणत्या साली केला ते शोधून मगच पैसे मोजा. माझ्या डब्यात भारतीय खुणा नव्हत्या, तिरंगी वर्तुळांचं डिकॅलचं, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणांचं, पान वेगळं मागवावं लागलं. आणि सुरुवात करायच्या आधी एका ठरावीक विमानाचे, शेपटीवरचा नंबर दिसेल असे फोटो जमवा. एकाच स्क्वाड्रनमधली दोन विमानंही रंगाने सारखी नसतात.

हत्यारांसाठी मी सराफ बाजारात जाते. सोनारांना लागणारं सामान विकणाऱ्या दुकानात बारीक टोकाचा चिमटा, कानशींचा संच आणि हाताने फिरवायचं छोटं ड्रिल, सगळं एका जागी मिळतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. हार्डवेअरच्या दुकानातून ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचा वॉटर पेपर. सुटे भाग कापायला सपाट तोंडाचा साइड कटर आणि पाती बदलता येणारी सुरी. कपडे वाळत घालायचे चिमटे, टूथपिक, रबरबँड घरात असतातच. किट जोडायचं सोल्यूशन आणि मास्किंग टेप मात्र मॉडेलचीच घ्या. रंगाच्या दुकानातल्या टेपखालून रंग झिरपतो, आणि टेप काढताना खालचा रंग घेऊन निघते.

सोनारांकडूनच मी आणखी एक गोष्ट उचलली. ते टेबलाखाली झोळी बांधतात, सोन्याचा कीस त्यात पडतो. मी जुन्या ओढणीचं एक टोक टेबलाच्या कडेला टाचण्यांनी लावते, दुसरं कमरेला खोचते. हातातून निसटलेली चीज मांडीवर पडते, फरशीवर जात नाही. अगदी बारीक भाग असेल, चाकाच्या दाराची बिजागरी वगैरे, तर पारदर्शक पिशवीत दोन्ही हात घालून आतच कापायचा. कटरखालून उडालेला भाग शोधण्यात मी एक अख्खा रविवार घालवलेला आहे.

डबा उघडल्यावर पहिलं काम धुण्याचं. प्लास्टिक साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल त्यावर राहिलेलं असतं आणि त्यावर रंग धरत नाही. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, मऊ ब्रश. गरम पाणी नको, पातळ भाग वाकतात. धुऊन पंख्याखाली रात्रभर वाळू द्या. सुटे भाग प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, ते चौकटीपासून कापताना एकदम अंगालगत कापू नका. आधी थोडं लांबून कापायचं, मग उरलेला खुंट सुरीने आणि कानशीने काढायचा. घाईत लगत कापलं की प्लास्टिक फाटून खड्डा पडतो, आणि तो खड्डा भरत बसावा लागतो.

आम्ही शिवणाऱ्या बायका नवीन कापडाला आधी कच्चा टाका घालतो, अंगावर बघतो, मग मशीन चालवतो. इथेही तेच. सोल्यूशनची बाटली बंद ठेवून धडाचे दोन अर्धे, पंख, शेपटी टेपने जोडून बघा. कुठे अडतंय, कुठे पोट सुटतंय, ते याच वेळी कळतं. बहुतेकदा आतल्या एखाद्या खुंटीचं टोक आड येत असतं. ती कापली की दोन्ही बाजू मुकाट्याने बसतात. मी हा कच्चा टाका तीन-चार वेळा घालते.

कॉकपिट आधी, कारण धड बंद झाल्यावर तिथे हात जात नाही. मिग-२१ बिसच्या कॉकपिटचा रंग निळसर हिरवा, रशियन विमानांचा तो ओळखीचा रंग. या मापाला काच बंद झाली की आतलं फारसं दिसत नाही. खुर्ची, पट्टे आणि पुढच्या फळीवरचे पांढरे ठिपके एवढं नीट करा आणि पुढे चला.

आता वजनाचं. मिगला नाकाखाली एक चाक आणि पोटाखाली दोन. किटमध्ये मागचा भाग जड होतो आणि विमान शेपटीवर बसतं, नाक छताकडे. म्हणून धड बंद करायच्या आधी नाकात वजन भरायचं. मासे पकडायच्या गळाला लावतात त्या शिशाच्या गोळ्या त्यासाठी उत्तम. किती भरायचं ते असं ठरवा: सगळं विमान टेपने जोडा, मागची दोन चाकं जिथे येतात तिथे दोन बोटांवर ते तोला, आणि नाक खाली झुकेपर्यंत गोळ्या टाका. झुकलं की आणखी दोन घाला, कारण रंग आणि बाकीचे भाग नंतर वजन वाढवतात. या गोळ्या बसवायला दोन नळ्यांचा इपॉक्सी वापरा. लाकडाचा पांढरा डिंक कधीच वापरू नका. मी माझ्या तिसऱ्या विमानात तो वापरला होता. दोन वर्षांनी कपाट उघडलं तर नाकाचा सांधा उकललेला, आतून पांढरी भुकटी बाहेर आलेली. त्या डिंकातून सुटणाऱ्या आम्लाने शिसं गंजतं, फुगतं आणि कोंडलेल्या जागेत प्लास्टिक फोडतं. ते विमान मला फेकावं लागलं. शिशाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, मुलं जवळ असतील तर गोळ्यांची डबी वर ठेवा.

आता सांधा. किटचं प्लास्टिक म्हणजे पॉलिस्टायरीन. मॉडेलचं पातळ सोल्यूशन त्याला चिकटवत नाही, दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं. त्यामुळे ते कडेला आधी फासायचं नसतं. दोन्ही अर्धे बोटांनी नीट जुळवून धरा, ब्रशचं टोक सांध्याला फक्त टेकवा. दिव्याची वात तेल ओढते तसं ते आपसूक सांध्यात धावत जातं, डोळ्याला दिसतं. दहा सेकंद थांबा आणि हलकेच दाबा. मऊ झालेलं प्लास्टिक सांध्यातून वर येऊन त्याचा बारीक वळ उठतो. हा वळ आपल्याला हवा असतो, त्यानेच फट भरते. पुसायला जाऊ नका. दोन-अडीच सेंटीमीटर झालं की पुढचं. बोट सांध्यावर ठेवू नका, सोल्यूशन बोटाखाली शिरलं की तुमचा ठसा कायमचा उमटतो.

मग दोन दिवस ते विमान विसरा. लोक इथेच घाई करतात. वरून कडक वाटलं तरी आत प्लास्टिक ओलं असतं. लगेच घासलं तर आज सांधा गुळगुळीत होतो आणि आठवड्याने आतलं सुकून आक्रसलं की तिथे चर पडते, तीही रंग दिल्यावर. दोन दिवसांनी ४०० चा वॉटर पेपर पाण्यात बुडवून वळ उतरवा, मग ६००, मग १०००. कोरडं घासू नका, ती धूळ छातीत जाते. पेपर बोटाने दाबला तर गोल पाठ सपाट होते, म्हणून मी पेपरखाली खांद्याच्या पॅडचा फोमचा तुकडा धरते. तरीही खड्डे राहिले तर चौकटीचे उरलेले तुकडे सोल्यूशनमध्ये विरघळवून लापशी करून ठेवा आणि ती भरा. तेच प्लास्टिक असल्यामुळे ती बाकीच्यासारखीच घासली जाते. झटपट चिकटणारा गोंदही भरता येतो, पण तो त्याच दिवशी घासा. दुसऱ्या दिवशी तो प्लास्टिकपेक्षा कडक होतो, मग आजूबाजूचं झिजतं आणि गोंद उंचवट्यासारखा उभा राहतो.

पण सगळ्याच रेघा बुजवायच्या नसतात, आणि हे मला बाबांनी शिकवलं. पाठीवरून आणि पोटावरून लांबलचक जाणारा सांधा किटचा, तो नाहीसा करायचा. धडाला मागच्या बाजूला, पंखांच्या जवळपास, आडवी वेटोळी रेघ आहे, ती मात्र खरी. मिगचं इंजिन काढायचं असलं की शेपटीसकट धडाचा मागचा भाग तिथून सुटा करून गाड्यावर मागे ओढतात. ती रेघ घासताना पुसट झाली तर पुन्हा कोरावी लागते. मी दहा नंबरची सुई लाकडी मुठीत बसवली आहे. जाड टेप पट्टीसारखी लावायची आणि सुई हलक्या हाताने चार-पाच वेळा ओढायची. एकदाच जोर लावला तर सुई भरकटते.

झाल्यावर राखाडी प्रायमरचा, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचा, एक हात. प्रायमरखाली काही लपत नाही. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, आडवा धरा. मिगला प्रायमर दिल्यावर मला सगळं स्वच्छ वाटलं होतं. बाबांनी चष्मा लावला नाही. विमान उलटं धरून अंगठ्याचं नख नाकापासून मागे नेलं, पोटाखाली एके ठिकाणी थांबले आणि म्हणाले, "इथे अजून आहे." होतंच. तो भाग मी पुन्हा ६०० ने घासला, पुन्हा भरला, पुन्हा दोन दिवस ठेवला. तेव्हापासून डोळ्यांनंतर नखाने तपासल्याशिवाय मी रंगाची बाटली उघडत नाही.

आणि रंगाची बाटली पावसाळ्यात मुळीच उघडत नाही. लॅकरमधला थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो, हवा दमट असेल तर त्यावर पाणी धरतं आणि रंगावर पांढरट साय येते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हेच हवामान, कोकणात तर त्याहून जास्त. माझं वर्ष त्यामुळे ठरून गेलंय. गणपतीपर्यंत सांधे, दसऱ्यानंतर रंग. मधल्या दिवसांत तसंही दुकानात शिलाईची गर्दी असते.

पहिली दोन विमानं हाताने, ब्रशने रंगवा. एअरब्रश, म्हणजे रंगाचा बारीक फवारा मारायचं हत्यार, नंतर घ्या. त्याला कॉम्प्रेसर लागतो, रोज साफ करावा लागतो आणि रंग किती पातळ हवा हे हाताला कळल्याशिवाय तो नुसता थुंकतो. ब्रशसाठी पाण्याचा अ‍ॅक्रिलिक बरा. दुधाइतका पातळ करा, चपटा मऊ ब्रश घ्या, एकदा ओढलेल्या जागी ओलं असताना परत जाऊ नका. पहिला हात डागाळ, भिकार दिसतो. घाबरून जाड थर देऊ नका. तो पूर्ण वाळल्यावर दुसरा हात आडवा, मग तिसरा. तिसऱ्याला रंग सारखा होतो. लॅकर किंवा एनॅमल वापरणार असाल तर खिडकी उघडी, गॅस बंद, आणि स्वयंपाकघरात अजिबात नाही. चाकांच्या तबकड्या हिरव्या ठेवा. काळी रबरं आणि मधे तो झणझणीत हिरवा, हे रशियन विमान लांबून ओळखता येतं.

डिकॅलच्या आधी पारदर्शक चकचकीत थर हवाच. रंग खरखरीत असला तर डिकॅलखाली हवा अडकते आणि वर्तुळाभोवती चंदेरी कड चमकते. एका वेळी एकच खूण कापा. कोमट पाण्यात वीस-तीस सेकंद, मग बाहेर काढून कागदावर मिनिटभर तशीच राहू द्या. बोटाने ढकलल्यावर सरकली की तयार. विमानावर पाण्याचा थेंब आधीच ठेवा, खूण कागदावरून ओल्या ब्रशने त्या थेंबावर सरकवा, उचलू नका. तिरंगी वर्तुळाच्या बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं. जागेवर आली की टिश्यूचं टोक कडेला टेकवून पाणी ओढून घ्या आणि वरून डिकॅल मऊ करायचं द्रावण लावा. लावल्यावर दहा मिनिटांत ती खूण सुरकुतते, वर्तुळ चुरगाळल्यासारखं होतं. पहिल्यांदा माझ्या पोटात गोळा आला होता. हात लावू नका. सुकताना ती आपोआप ताणली जाते आणि कोरलेल्या रेघांमध्ये खाली बसते, रंगवल्यासारखी. मी त्या वेळी मुद्दाम उठून दुकानात जाते.

रेघांमध्ये काळपट रंग भरताना शुद्ध काळा वापरू नका, गडद राखाडी किंवा तपकिरी घ्या. भरपूर पातळ करून रेघेला टेकवा, तो धावतो. बाहेर आलेला कापसाच्या बोळ्याने हवेच्या दिशेत, म्हणजे पुढून मागे, पुसा. फार मळवू नका. बाबा सांगतात, विमानं रोज पुसली जायची. तोफेच्या तोंडामागे थोडी काजळी पुरे.

काच बसवायला मात्र लाकडाचा पांढरा डिंक चालतो, तिथे शिसं नाही. झटपट गोंदाची वाफ काचेवर पांढरी बसते आणि ती जात नाही. डिंक जास्त झाला तर ओल्या कापसाने पुसला जातो.

सगळ्यात शेवटी नाकावरची पिटो नळी, विमानाचा वेग मोजायची. बिसमध्ये ती मधोमध नसते, वरच्या बाजूला उजवीकडे सरकलेली असते. किटमधली नळी जाड असते आणि बाही अडकली की मोडते. मेडिकलमधून २१ आणि २६ गेजच्या इंजेक्शनच्या सुया आणा. २६ ची सुई २१ च्या आत सरकते, तशी खऱ्यासारखी टप्प्याटप्प्याने बारीक होत जाणारी नळी मिळते. पक्कडीने कापू नका, तोंड चेपतं. कानशीने भोवती खाच करून मोडा, आणि सुईचं टोकदार टोक आधी घासून बोथट करा. नाकात हातड्रिलने भोक पाडून झटपट गोंदाच्या एका थेंबाने बसवा, वरून बघून सरळ आहे ना ते तपासा.

कपाट खिडकीच्या उन्हात नको, डिकॅल फिकी पडतात. धूळ फडक्याने पुसू नका, गालाला पावडर लावायचा मोठा मऊ ब्रश शेपटीकडून नाकाकडे न नेता नाकाकडून शेपटीकडे न्या, नळी वाचते.

पुढचं किट आणून ठेवलंय, मिग-२१ एफएल, सुरुवातीला यायचं तसं नुसत्या धातूच्या रंगातलं. चंदेरी रंग बारीकशी ओरखडही दाखवतो, त्यामुळे यंदा जूनपासून फक्त सांधे. धुतलेल्या चौकटी आत्ता पंख्याखाली वाळताहेत.